कुलगुरूंची तीन पत्रं

बंगळूर विद्यापीठाच्या कुलगुरूपदाच्या खुर्चीत काही वर्षांच्या अंतराने दोन माणसं बसून गेली. दोघंही विद्वान, दोघंही सचोटीचे, कर्नाटकात दोघांचंही नाव आजही आदराने घेतलं जातं. पहिले विनायक कृष्ण गोकाक. कन्नडमधले मोठे कवी, पुढे ज्ञानपीठाचे मानकरी. सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य म्हणून आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही ठाऊक असलेले. दुसरे एच. नरसिंहय्या. अमेरिकेत अणुभौतिकीत डॉक्टरेट मिळवून परतलेले, खादीचं धोतर आणि डोक्यावर गांधी टोपी, लग्न न केलेले, नॅशनल कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका खोलीत आयुष्य काढलेले. गोकाक पुट्टपर्तीच्या सत्य साईबाबांचे भक्त झाले आणि १९८१ मध्ये बाबांच्या संस्थेचं विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही. नरसिंहय्यांनी त्याच बाबांना १९७६ मध्ये पत्र लिहिलं. तुम्ही हवेतून वस्तू काढता असं लोक सांगतात. आमच्या समितीसमोर, आम्ही ठरवू त्या अटींवर काढून दाखवाल का?

उत्तर आलं नाही. दुसरं पत्र गेलं, तिसरं गेलं. पुट्टपर्तीत दर्शनाच्या वेळी बाबा भक्तांच्या रांगांमधून चालायचे आणि लोक पुढे करत ती पत्रं स्वतःच्या हाताने गोळा करायचे. ज्याचं पत्र स्वामींनी उचललं त्याचा दिवस सार्थकी लागायचा. लेकीचं लग्न, नवऱ्याचा आजार, कोर्टातली तारीख, सगळं त्या लिफाफ्यांत असायचं. कुलगुरूंच्या लिफाफ्यात मात्र चाचणीची मागणी होती.

स्वतःला अवतार म्हणवणाऱ्या माणसाला आव्हान देऊन काही होत नाही, असं आपल्याकडे हल्ली शहाणी माणसंही म्हणतात. भक्त हलत नाहीत, बाबांची प्रसिद्धी मात्र वाढते. या म्हणण्यात तथ्य आहे आणि बंगळूरची कथा वरवर पाहिली तर त्याचा पुरावाच वाटेल. मला मात्र त्यातून वेगळंच दिसतं. बाबांची पकड फक्त बाबा आणि भक्त या दोघांमधली नसते. ती घट्ट होते ती मधल्या माणसांमुळे, म्हणजे बाबांच्या पायाशी बसलेले मंत्री, न्यायमूर्ती, शास्त्रज्ञ, कुलगुरू यांच्यामुळे. आव्हान द्यायचं तर मुख्यतः त्यांना द्यायला हवं. नरसिंहय्या मोठे ठरतात ते एवढ्यासाठी की त्यांनी स्वतःची खुर्ची उलट्या दिशेने वापरली.

आधी समितीबद्दल. तिचं नावच लांबलचक होतं आणि ते विचार करून ठेवलेलं होतं: चमत्कार आणि पडताळता येण्याजोग्या इतर अंधश्रद्धा यांची विवेकनिष्ठ चौकशी करणारी समिती. ‘पडताळता येण्याजोग्या’ या शब्दाने निम्मं भांडण बाजूला ठेवलं होतं. देव आहे की नाही, प्रार्थनेने मन शांत होतं की नाही, गुरूच्या सान्निध्यात कुणाला काय वाटतं, यातलं काहीच समितीच्या कक्षेत नव्हतं. रिकाम्या हातात अंगठी कुठून येते एवढंच पाहायचं होतं. काळही लक्षात घ्यावा. देशात आणीबाणी होती. त्याच वर्षी ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून घटनेत घातलं. दिल्लीत कलम लिहिलं जात होतं आणि बंगळुरात एक कुलगुरू ते पाळूनही दाखवत होता. ज्यांनी ते कलम मंजूर केलं त्यांच्यापैकी किती जणांना त्याची आठवण राहिली, हे पुढच्या काही दशकांत दिसलंच.

बाबांनी पत्रांना उत्तर दिलं नाही, पण मुलाखत दिली. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’चे संपादक रुसी करंजिया १९७६ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना भेटले. तोवर ‘ब्लिट्झ’ बाबांवर टीका करणारं साप्ताहिक होतं, पुढे करंजियांचा सूर बदलत गेला. त्या मुलाखतीत बाबांच्या म्हणण्याचा आशय असा होता की विज्ञान इंद्रियांच्या कक्षेतलं, अध्यात्म त्यापलीकडचं, तेव्हा विज्ञानाने अध्यात्माची परीक्षा घेऊ नये. ऐकायला हे भारदस्त वाटतं. पण अंगठी इंद्रियांपलीकडची नसते. ती बोटात घालता येते, काट्यावर तोलता येते, सराफ ती कसोटीवर घासून कस सांगतो. घड्याळाच्या मागे नंबर असतो. बाबांनी ‘मी तुमच्या मनात आनंद निर्माण करतो’ एवढाच दावा केला असता तर कुलगुरूंना पत्र लिहायचं कारणच उरलं नसतं. वस्तू काढायची इंद्रियांच्या जगात आणि तपासणीची वेळ आली की इंद्रियांच्या पलीकडे जायचं, ही पळवाट झाली.

नरसिंहय्यांचा भोपळा याच मुद्द्यावरचा. विभूती, अंगठ्या, लॉकेट, साखळ्या अशा मुठीत मावणाऱ्या वस्तूच का येतात? अस्तनीत लपणार नाही असा एखादा भोपळा काढून दाखवा की, असा त्यांचा सवाल होता. लोक हसले आणि सवाल गाजला. पण भोपळ्यामागे प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाची काटेकोर शिस्त होती. हातचलाखीला आकाराची मर्यादा असते, दैवी शक्तीला ती असायचं कारण नाही. त्यामुळे भोपळ्याने दोन शक्यता वेगळ्या काढता येतात. अंगठीने येत नाहीत.

विभूती ‘काढण्याची’ रीत आज महाराष्ट्रातल्या शेकडो शाळांमधल्या मुलांना माहीत आहे. राख भाताच्या पेजेत कालवायची, गोळ्या वळून वाळवायच्या, एक गोळी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरायची. पंजा पालथा ठेवून हवेत दोनतीन गोल गिरक्या घ्यायच्या, त्या गिरकीत गोळी बोटांच्या टोकाशी आणून चुरडायची. भुरभुर राख पडते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे करून दाखवतात तेव्हा मुलं टाळ्या वाजवतात. मागे बसलेला एखादा पालक मात्र म्हणतो, ‘तुम्ही हातचलाखी करता हो, स्वामींचं खरं असतं.’ तो पालक तर्काने चुकत नाही. मी एखादी गोष्ट युक्तीने करू शकतो, यावरून दुसराही ती युक्तीनेच करतो हे सिद्ध होत नाही. ते सिद्ध व्हायला त्या दुसऱ्याचाच हात तपासावा लागतो. म्हणून तीन पत्रांची किंमत शंभर प्रात्यक्षिकांहून जास्त आहे. नक्कल करून दाखवणं हे लोकशिक्षण. चौकशीची मागणी ही त्यापुढची पायरी, आणि ती करायला अंगात पदाचा अधिकार असावा लागतो.

इथे शिर्डीचा विषय निघणारच. शिर्डीचे साईबाबा १९१८ च्या दसऱ्याला गेले. पुट्टपर्तीच्या सत्यनारायण राजू नावाच्या मुलाने १९४० मध्ये, चौदाएक वर्षांचा असताना, आपण तेच साईबाबा असल्याचं जाहीर केलं. १९६३ च्या गुरुपौर्णिमेला शिव-शक्तीचा अवतार असल्याचं सांगितलं आणि आपल्यानंतर तिसरा अवतार प्रेम साई होणार हेही सांगून टाकलं. शिर्डीची उदी द्वारकामाईतल्या धुनीतून येते. लाकडं जळतात, राख होते, ती पुडीत बांधून मिळते. तिच्या गुणाबद्दल ज्याला जे मानायचं ते त्याने मानावं, पण ती कुठून आली हे प्रत्येकाला दिसतं. पुट्टपर्तीत राखेचा उगमच गूढ केला गेला. माझ्या मते हा फरक फार मोठा आहे आणि शिर्डीच्या भक्तांनी तो कधी पुरेशा जोराने मांडला नाही.

समितीने हात घातला आणि तपास पुरा झाला असं एक प्रकरण आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच सगळ्यात जास्त टोचणारं. मंड्या जिल्ह्यातल्या पांडवपुरात एका सातेक वर्षांच्या मुलाच्या हातून विभूती पडते अशी ख्याती झाली होती. लोक त्याला साईंचंच रूप मानायचे, दर्शनाला गर्दी व्हायची. समिती तिथे गेली, मुलाची तपासणी झाली आणि राख कपड्यांच्या आत दडवलेली सापडली. बातमी झाली, गर्दी ओसरली. समितीचं यश म्हणून हे प्रकरण सांगितलं जातं, आणि एका अर्थी ते आहेही. पण नीट पाहा. सात वर्षांच्या पोराचा सदरा काढून बघता आला. ज्याच्या नावाने ते पोर देव झालं होतं, त्याच्या अस्तनीपर्यंत कुणी पोचू शकलं नाही. मुलाचं घर छोटं, त्याचे भक्त आसपासच्या गावांतले. बाबांच्या दारात राज्यपाल आणि मंत्री उभे असायचे.

१९७७ मध्ये नरसिंहय्यांची मुदत संपली आणि समितीही गुंडाळली गेली.

आता मधल्या माणसांकडे येऊ. एस. भगवंतम हे नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. मोठे भौतिकशास्त्रज्ञ, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक, नंतर संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार. ते बाबांचे भक्त होते आणि बाबांच्या तेलुगू प्रवचनांचं इंग्रजी भाषांतर मंचावर उभं राहून करायचे. सेको घड्याळ कंपनीच्या मालकाला बाबांनी जपानमधल्या तिजोरीतलं घड्याळ हवेतून काढून दिलं, अशी एक कथा त्यांच्या नावावर प्रसिद्ध झाली. श्रीलंकेत राहणारे केरळी विवेकवादी अब्राहम कोवूर यांनी सरळ सेको कंपनीला पत्र टाकलं. कंपनीच्या अध्यक्षांचं उत्तर आलं की आपण या बाबांना ओळखत नाही आणि असं काही घडलेलं नाही. एका पोस्टाच्या तिकिटावर कथा निकालात निघाली. पण त्याआधी ती किती घरांत पोचली असेल? तिच्यामागे ‘विज्ञान संस्थेचे माजी संचालक सांगतात’ एवढे शब्द होते. गावातल्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर त्यापुढे काय बोलणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. शेतकरी, गृहिणी, रिटायर झालेला कारकून चमत्कार पाहून बाबांकडे वळतो हे अर्धसत्य आहे. त्यांच्यातल्या फार थोड्यांना बाबांनी काही हातात दिलेलं असतं. बाकीच्यांनी ते ऐकलेलं असतं, आणि कुणी सांगितलं यावर त्यांचा विश्वास बसलेला असतो. न्यायाधीश जातात, कलेक्टर जातात, शास्त्रज्ञ जातात, म्हणजे काहीतरी असणारच! हा तर्क मूर्खपणाचा नाही. डॉक्टर चांगला की वाईट हे आपण असंच ठरवतो. ज्यांना जास्त कळतं त्यांच्यावर विसंबणं हा सामान्य माणसाचा शहाणपणाच आहे, आणि त्या शहाणपणाशी मोठ्या पदांवरच्या माणसांनी बेइमानी केली.

उदाहरणं हवी तेवढी आहेत, त्यातली बरीच आपल्या जवळची. १९९२ मध्ये हैदराबादच्या एका समारंभात बाबांनी ‘काढलेल्या’ सोनसाखळीवरून वाद झाला. ती साखळी शेजारच्या माणसाकडून हातात आल्याचं दूरदर्शनच्या चित्रणात दिसतं, असा आक्षेप होता. त्या वेळी मंचावर देशाचे पंतप्रधान होते. १९९३ च्या जूनमध्ये बाबांच्या निवासस्थानी एका रात्रीत सहा माणसं मेली, त्यातली चार पोलिसांच्या गोळ्यांनी. तेव्हा केंद्रीय गृहमंत्री होते शंकरराव चव्हाण, आणि ते बाबांचे भक्त होते हे नांदेडमध्ये कुणालाही ठाऊक आहे. शंकररावांनी काही गैर केलं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या पायावर देशाचा गृहमंत्री डोकं ठेवतो, त्याच्या घरात चौकशीला शिरणाऱ्या फौजदाराच्या मनात काय येत असेल? २००१ मध्ये परदेशी माजी भक्तांच्या आरोपांनी बाबांच्या संस्थेला घेरलं होतं. त्या आरोपांचा निवाडा कुठेच झालेला नव्हता. तेव्हा बाबांवरचे आरोप निराधार असल्याचं एक पत्र निघालं. त्यावर पंतप्रधान वाजपेयींची सही होती, दोन माजी सरन्यायाधीशांची होती आणि लातूरच्या शिवराज पाटलांचीही. ज्यांनी जन्मभर ‘पुरावा काय’ असं विचारलं, ते न्यायमूर्ती चौकशीविना निकाल देऊन मोकळे झाले. २००९ मध्ये बाबा मुंबईत आले तेव्हा ‘वर्षा’वर, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या सरकारी बंगल्यावर, त्यांची पाद्यपूजा झाली. यजमान अशोक चव्हाण. अंनिसने आक्षेप घेतला. उत्तरं मिळाली ती श्रद्धा ही वैयक्तिक बाब असल्याची.

ती असतेच. सचिन तेंडुलकर आणि सुनील गावसकर बाबांचे भक्त, यावर माझं काही म्हणणं नाही. बाबा गेले ते सचिनच्या वाढदिवशी आणि त्याने तो साजरा केला नाही. हे त्याचं दुःख, त्याचा अधिकार. ‘वर्षा’ मात्र कुणाचं खाजगी घर नाही. तिथे पाद्यपूजा झाली की तो शासनाचा शिक्का होतो आणि मंत्रालयातल्या शिपायापासून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकापर्यंत सगळे तो वाचतात.

बाबांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो तो झटकून टाकण्यासारखा नाही. पुट्टपर्तीचं आणि व्हाइटफिल्डचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय, तिथे एक पैसा न घेता होणाऱ्या हृदयशस्त्रक्रिया, अनंतपूर जिल्ह्यातल्या कोरड्या गावांना मिळालेलं पिण्याचं पाणी. हे खरं आहे आणि मोठं आहे. सरकारला जे जमलं नाही ते त्या ट्रस्टने केलं. ज्या बाईची घागर त्या नळाखाली भरते तिला भोपळ्याचा प्रश्न विचारायला मी धजणार नाही. पण ते पाणी अभियंत्यांनी नकाशे आखून, पाइप टाकून आणलं, आणि रुग्णालयात झडप बदलतात ती भूल देऊन, छाती उघडून. बाबांच्या साम्राज्यात जे जे टिकाऊ होतं त्यातलं काहीच हवेतून आलं नव्हतं. २०११ च्या मार्चअखेर बाबा स्वतः आजारी पडले तेव्हा त्याच रुग्णालयात दाखल झाले, श्वासयंत्रावर राहिले आणि २४ एप्रिलला गेले. यात हसण्यासारखं काही नाही. ८४ वर्षांच्या आजारी माणसावर जे उपचार व्हायला हवेत तेच झाले. देणग्यांचा ओघ चमत्कारांच्या ख्यातीमुळे आला, तेव्हा चमत्कारच काढून घेतला तर पाणीही आलं नसतं, असं कुणी म्हणेल. असेलही. पण मग मान्य करायला हवं की भल्या कामासाठी लोकांना फसवलेलं चालतं. मला ते चालत नाही. शिवाय, जूनमध्ये बाबांची खाजगी खोली उघडली तेव्हा ९८ किलो सोनं, ३०७ किलो चांदी आणि साडेअकरा कोटींवर रोकड निघाली. ही मोजदाद आधी होत नव्हती, कारण अवताराकडे हिशोब मागायचा नसतो.

आपण वयाच्या ९६ व्या वर्षापर्यंत देहात राहू, असं बाबा सांगत आले होते. ते ८४ व्या वर्षी गेले. काही भक्तांनी नक्षत्रमास काढले. महिना २७ दिवसांचा धरला की वर्ष ३२४ दिवसांचं होतं आणि २३ नोव्हेंबर १९२६ पासून मोजत आलं की ९६ वं वर्ष चालू असल्याचं निघतं. हिशोब बरोबर आहे. मी करून पाहिला. फक्त बाबांचे वाढदिवस त्या कॅलेंडरने कधी साजरे झाले नव्हते. हा खटाटोप ज्यांनी केला ते अडाणी नव्हते, त्यांना भागाकार येत होता. बुद्धी असूनही ती कशाच्या तरी चाकरीला लागली होती. म्हणून आव्हानाने भक्त हलत नाही. त्याने आयुष्याची तीस वर्षं, नाती, कधी कधी मुलांची लग्नंसुद्धा त्या सत्संगातून जमवलेली असतात. एवढं सगळं एका भोपळ्यावर सोडायला कुणीही तयार होणार नाही, आणि त्याने सोडावं अशी अपेक्षा धरणंच चूक आहे.

आता नागपूर, जानेवारी २०२३. बागेश्वर धामचे धीरेंद्र कृष्ण शास्त्री रेशीमबागेत कथा सांगायला आले. दरबार भरायचा, समोरच्या गर्दीतल्या कुणाची तरी अडचण विचारायच्या आधीच पर्चीवर लिहिलेली निघायची. शास्त्री स्वतःला अवतार म्हणवत नाहीत, हनुमानाच्या कृपेने होतं म्हणतात. हा फरक नोंदवायला हवा. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी ३० लाखांचं आव्हान दिलं आणि पोलिसांकडे तक्रारही केली. कथा ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी संपली. शास्त्रींकडून उत्तर आलं, रायपूरच्या दरबारात या, भाडं मी देतो. हे उत्तर फार बोलकं होतं. चाचणीत सगळं काही जागेवर अवलंबून असतं. दरबार त्यांचा, माइक त्यांचा, पुढे कुणाला बोलवायचं ते त्यांच्या मनावर, आणि भोवती हजारोंचा जयजयकार. तिथे जाऊन परीक्षक परीक्षार्थी होतो. नरसिंहय्यांच्या पत्रातली ‘आम्ही ठरवू त्या अटींवर’ ही अट म्हणूनच महत्त्वाची. पुढे नागपूर पोलिसांनी चित्रफिती पाहून कायद्याचा भंग आढळत नसल्याचं सांगितलं आणि प्रकरण मिटलं.

त्याच महिन्यात शास्त्रींचं तुकोबांबद्दलचं एक जुनं बोलणं बाहेर आलं. तुकोबांची बायको त्यांना रोज मारायची, अशा अर्थाचं. महाराष्ट्र खवळला, पक्षभेद विसरून नेते बोलले, शास्त्रींना शब्द मागे घ्यावे लागले. खवळणं योग्यच होतं. पण पर्चीच्या दाव्याबद्दल याच्या दहावा हिस्साही आवाज त्या नेत्यांनी काढला नाही. आपल्या पुढाऱ्यांना संतांचा अपमान कळतो, लोकांच्या बुद्धीचा कळत नाही, की तो कळून घेणं परवडत नाही?

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा याच राज्यात झाला. २० ऑगस्टला पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा कुठे अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये विधेयक संमत झालं. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं किंवा धाक घालणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद. कायदा चांगला आहे, त्याने जीव वाचलेत. पण वर्तमानपत्रांतल्या बातम्या चाळल्या तर त्याखाली धरला जाताना दिसतो तो बहुतेकदा पाड्यावरचा भगत, गुप्तधन काढून देणारा मांत्रिक, भाड्याच्या खोलीत ताईत विकणारा बुवा. पांडवपुराचंच हे सरकारी रूप. पोराचा सदरा निघतो.

‘फक्त हिंदूंच्याच मागे लागता’ हा ठेवणीतला आक्षेपही येतो. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या चर्चबाहेरच्या क्रूसावरून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते तीर्थ म्हणून प्यायले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी तिथे जाऊन पाहिलं, तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढतंय असं सांगितलं. लगेच धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि अटक टाळायला त्यांना फिनलंडला जावं लागलं. कोवूर तर एका ख्रिस्ती धर्मगुरूचे चिरंजीव होते. आक्षेप घेणाऱ्यांना हे माहीत नसतं असं नाही.

मग करायचं काय? नवा कायदा मी मागत नाही, आहे तो पुरेसा आहे. बुवांना लाखांची आव्हानं देणं चालू राहो, त्याने तरुण मुलांचे डोळे उघडतात. पण मला हवी आहे ती एक लेखी पद्धत. मंत्री, न्यायाधीश, कुलगुरू, पोलीस आयुक्त पदावर असताना अशा दरबाराच्या मंचावर जाणार असेल, तर त्याने आधी लिहून द्यावं की इथे जो दावा केला जातो तो मी तपासला आहे की नाही. ‘नाही’ असं लिहिलं तरी चालेल. माहितीच्या अधिकारात ते कुणालाही मागता यावं. सरकारी बंगला, सरकारी गाडी, शिष्टाचाराचा बंदोबस्त वापरला असेल तर त्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकला तेही. भक्ताला कुणी काही विचारत नाही, त्याने खुशाल जावं. पण बाबांच्या मंचावर स्वतःच्या पदाचं वजन नेऊन ठेवणाऱ्याला त्याचा जाब द्यायला लागावा.

आणि विद्यापीठं. महाराष्ट्रात सरकारी, खाजगी, अभिमत धरून विद्यापीठांची रेलचेल आहे. मानसशास्त्र, भौतिकशास्त्र, कायदा या तिन्ही विभागांतले तीन प्राध्यापक घेऊन अशी समिती नेमायला कुणा कुलगुरूला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. नरसिंहय्यांना लागली नव्हती, तेही आणीबाणीत. पुढचा दरबार ज्या शहरात भरेल तिथल्या कुलगुरूंनी एक पत्र लिहावं. भाषा नम्र असावी, अटी स्पष्ट, जागा विद्यापीठाची. उत्तर आलं तर चाचणी होईल. पंधरा दिवसांत नाही आलं तर पत्राची प्रत आणि ‘उत्तर नाही’ एवढी एक ओळ विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावी, आणि स्मरणपत्र पाठवावं.